मेंढरांच्या वाटेनं लहान मेंदूकडे

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात माडग्याळ मेंढ्याचा भाव बराचसा त्याच्या नाकावर ठरतो. अंगानं उंच हवा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके हवेत, हे खरंच. पण जाणतं गिऱ्हाईक आधी तोंड बघतं. कपाळापासून ओठापर्यंत नाक जितकं बाकदार, तितकी बोली चढी. २०२० साली अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची बोली लागल्याच्या आणि मालकानं तरीही तो न विकल्याच्या बातम्या राज्यभर झळकल्या. शहरातल्या वाचकांना ती गंमत वाटली. ज्यांची रोजीरोटी कोकराचं तोंड, पाय आणि चाल वाचण्यावर आहे, त्यांच्या लेखी तो हिशेब होता.

तोंड, पाय आणि चाल या तीन गोष्टी शरीरशास्त्राच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतात. चालीचा तोल सांभाळणारा लहान मेंदू कवटीच्या मागच्या बाजूला, चेहरा पुढे, पाय खाली. पण गर्भात या तिन्हींची घडण मोजक्याच रासायनिक संदेशांवर होते, आणि तेच संदेश पुन्हा पुन्हा, वेगळ्या जागी, वेगळ्या कामाला लावले जातात. विज्ञानाला हे उमगलं त्या वाटेवर माशा, उंदीर आणि कोंबडीची अंडी होती, तशी मेंढरांची दोन खांडंही होती. एक अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरातलं. दुसरं सुंदरबनातून निघून आपल्या फलटणला पोचलेलं. पहिल्याची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात बरीच सांगितली जाते. दुसऱ्याची लहान मेंदूच्या संदर्भात कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपानं आली आणि माणदेशातला मेंढका मराठी वाचकाच्या घरात शिरला. साधारण त्याच काळात आयडाहोतले मेंढपाळ एका भलत्याच संकटानं घेरले होते. उन्हाळ्यात कळप डोंगरावरच्या कुरणांत न्यायचे, हिवाळा संपताना मेंढ्या व्यायच्या. आता त्यातल्या काही मेंढ्यांना चेहरा बिघडलेली कोकरं होऊ लागली. कुणाचा वरचा जबडा आखूड, कुणाचं तोंड माकडासारखं चपटं, आणि काहींच्या कपाळाच्या मधोमध एकच डोळा, त्यावर नाकाच्या जागी मांसाचा बोटभर तुकडा. अशी कोकरं जगत नसत. काही मेंढ्या तर दिवस भरूनही वीतच नसत, पोटातलं कोकरू वाढतच राही आणि शेवटी आईलाही घेऊन जाई.

पहिला संशय बीजावर गेला. कळपात खोट शिरली, नर बदलला पाहिजे, असंच कुणालाही वाटलं असतं. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनीही आधी संकराचे प्रयोग करून तेच तपासलं. दोष आनुवंशिक निघाला नाही. मग युटातल्या लोगन इथल्या विषारी वनस्पतींच्या प्रयोगशाळेतले वेन बिन्स, लिन जेम्स आणि त्यांचे सहकारी चाऱ्याकडे वळले. जेम्स उन्हाळ्यात कळपाबरोबर डोंगरात राहिले आणि मेंढ्या काय खातात ते बघत बसले. गुन्हेगार सापडला तो ओलसर कुरणांत वाढणारी, रुंद हिरव्या पानांची एक रानवनस्पती. तिथे तिला कॉर्न लिली म्हणतात, शास्त्रीय नाव व्हेराट्रम कॅलिफोर्निकम.

यापुढचं काम फार चिकाटीचं होतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वांत कसदार भाग तोच. मेंढी सुमारे १५० दिवस गाभण असते. त्यातल्या कोणत्या दिवशी पाला खाल्ला तर काय होतं, हे बिन्स यांच्या गटानं एकेक दिवस धरून पाहिलं. एकडोळं कोकरू व्हायला मेंढीनं गाभण राहिल्यापासून नेमका चौदाव्या दिवसाच्या सुमारास तो पाला खाल्लेला असावा लागतो. तेव्हा गर्भ इतका लहान असतो की मेंढी गाभण आहे हे मेंढक्यालाही कळलेलं नसतं. आठवडाभरानं तोच पाला खाल्ला तर चेहरा सुटतो, पण बऱ्याचदा गर्भच टिकत नाही. आणि २८ ते ३१ व्या दिवसांच्या आसपास खाल्ला, तर कोकराच्या पायांच्या नळ्यांची हाडं आखूड राहतात. त्या आखूड हाडांकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मेंढपाळांना उपाय मिळाला होता: फळल्यानंतरचे पहिले काही आठवडे मेंढ्या त्या कुरणात न्यायच्या नाहीत. तेवढ्यावर प्रश्न मिटला. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कीलर यांनी वनस्पतीतलं दोषी द्रव्य १९६० च्या दशकात वेगळं काढलं आणि एकाक्ष राक्षस सायक्लॉप्सवरून त्याला सायक्लोपामिन नाव दिलं. त्यानंतर सुमारे तीन दशकं हे नाव पशुवैद्यकीय नियतकालिकांतच पडून होतं.

ते बाहेर आलं माशीमुळे. १९८० साली हायडेलबर्गमध्ये ख्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या हजारो बिघडलेल्या अळ्या तपासून गर्भाची आखणी करणारी जनुकं वेगळी केली. त्यातल्या एका जनुकाअभावी अळीच्या अंगभर काटे उगवत, म्हणून त्याचं नाव हेजहॉग. या कामाला १९९५ चं नोबेल मिळालं. १९९३ साली तीन प्रयोगशाळांना कणाधारी प्राण्यांतली त्याची भावंडं सापडली. त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या भावंडाला व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून सॉनिक हेजहॉग म्हणायला लागले. पुढे आजारी मुलांच्या आईबापांसमोर हा शब्द उच्चारताना डॉक्टरांना अवघडल्यासारखं होई, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली आहे, आणि ती रास्त आहे.

१९९६ साली फिलिप बीची यांच्या गटानं सॉनिक हेजहॉग काढून टाकलेले उंदीर जन्माला घातले. कपाळावर एक डोळा, वर मांसाचा तुकडा. लोगनच्या जुन्या निबंधांतल्या कोकरांचेच चेहरे. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, दाखवून दिलं गेलं की सायक्लोपामिन हा संदेश पेशीपर्यंत पोचू देत नाही. पुढे तो नेमका कुठे अडतो तेही समजलं. पेशीच्या आवरणावर पॅच्ड नावाचं प्रथिन असतं, ते स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटला की स्मूदन्ड मोकळं होतं आणि पेशीला विभाजनाचा किंवा घडणीचा हुकूम मिळतो. सायक्लोपामिन थेट स्मूदन्डलाच जखडतं. आयडाहोत बीजाचा दोष म्हणून जो संशय खोटा ठरला होता, तो चाळीस वर्षांनी अशा आडवाटेनं जनुकापर्यंतच येऊन पोचला.

आता लहान मेंदू. माणसाच्या मेंदूत अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी या एका अवयवात दाटलेल्या आहेत. वजनानं तो साऱ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाइतकाच. हा गर्दीचा आकडा जवळजवळ सगळा एकाच जातीच्या पेशींचा आहे, त्यांना ग्रॅन्यूल पेशी म्हणतात. त्यांच्यावर पुरकिन्ये पेशींचा एकपदरी थर. यान पुरकिन्ये यांनी १८३७ साली प्रागमध्ये त्यांचं वर्णन केलं. दोन्ही जाती जन्मतात वेगवेगळ्या जागी. गर्भाच्या मेंदूतल्या चौथ्या पोकळीच्या भिंतीत पुरकिन्ये पेशी तयार होतात आणि वर सरकतात. ग्रॅन्यूल पेशींच्या पूर्वज पेशी मात्र त्या पोकळीच्या छताच्या कडेला, ऱ्हॉम्बिक लिप नावाच्या काठावर जन्मतात, आणि वाढत्या लहान मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पसरत जातात. तिथे त्या बेसुमार वाढतात. मग आतल्या बाजूला वळून, पुरकिन्ये थर ओलांडून, खाली जाऊन स्थिरावतात. सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या पिल्लांच्या लहान मेंदूत हे टप्पे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चितारले. हा प्रवास कोण घडवतं हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली.

मधल्या काळात उंदरांनी बरंच शिकवलं. चाल बिघडलेले उंदीर प्रयोगशाळांतल्या पिंजऱ्यांत आपसूक जन्मत, आणि शास्त्रज्ञ त्यांना चालीवरूनच नावं देत: गिरक्या घेणारा रीलर, झोकांड्या खाणारा स्टॅगरर, डुलणारा स्वेइंग. यात मला मेंढक्याचीच नजर दिसते. आधी चाल बघायची, कारण नंतर. रीलर १९५१ चा, त्याचं जनुक १९९५ साली सापडलं. स्वेइंग उंदराचा दोष व्हिंट१ या जनुकात निघाला, आणि ते जनुक पूर्ण काढलं तर लहान मेंदू जवळजवळ बनतच नाही हे १९९० मध्ये दिसलं होतं. म्हणजे व्हिंट या संदेशाशिवाय लहान मेंदूची जागाच आखली जात नाही.

जागा आखली गेल्यावर गर्दी कोण करतं? १९९९ साली एकाहून अधिक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी उत्तर दिलं. पुरकिन्ये पेशी सॉनिक हेजहॉग स्रवतात. वर पसरलेल्या ग्रॅन्यूल पूर्वज पेशी तो घेतात आणि विभागत राहतात. संदेश तोडला तर गर्दी होत नाही आणि लहान मेंदू सपाट, खुजा राहतो. आयडाहोच्या कोकरांत ज्याच्याअभावी चेहऱ्याचे दोन भाग वेगळे झाले नव्हते, तोच संदेश इथे तोल सांभाळणाऱ्या अवयवाची गर्दी वाढवत होता. कोकरू जन्मल्यावर तासाभरात पायांवर उभं राहतं, कारण या कामाचा मोठा भाग त्याच्या बाबतीत गर्भातच उरकलेला असतो. माणसाच्या बाळात ही बाहेरची पेशींची फळी जन्मानंतरही वर्षभराहून अधिक काळ काम करत असते. ते धडपडत चालायला शिकतं तेव्हा त्याचा लहान मेंदू अजून बांधला जात असतो.

पण सतत वाढत राहणाऱ्या पेशींना कधीतरी थांबवावंही लागतं. इथे फलटण येतं.

बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. त्यांच्या आई मूळच्या अमेरिकी, भारतात कमलाबाई निंबकर म्हणून ओळखल्या गेल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. हातापायांचा ताबा गेलेल्या माणसांना पुन्हा रोजच्या कामाला लावणारं ते शास्त्र. मुलाची वाट मात्र शेतीची आणि जनावरांची. बनबिहारी निंबकरांना पडलेला प्रश्न सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कुणालाही पडेल असा होता: दख्खनी मेंढी वर्षाला बहुधा एकच कोकरू देते, कुरणं आकसत चालली आहेत, मग मेंढपाळानं कळप न वाढवता उत्पन्न कसं वाढवायचं?

उत्तर येणार होतं बंगालमधून, तेही ऑस्ट्रेलियामार्गे कळलं. न्यू साउथ वेल्समधल्या बूरूला या मळ्यावरच्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देण्यासाठी प्रसिद्ध होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे एकाच जनुकाचं काम असल्याचं दिसून आलं, त्याला फेकबी नाव मिळालं. हेलेन न्यूटन टर्नर यांनी जुने कागद चाळून दाखवलं की १७९० च्या दशकात कोलकात्याहून सिडनीला जहाजानं काही बंगाली मेंढ्या उतरल्या होत्या, आणि त्यांचं रक्त बूरूलात असण्याची शक्यता दाट होती. सुंदरबनातली गारोळे मेंढी आकारानं इतकी चिमुकली की दख्खनी मेंढीच्या निम्म्याच वजनाची, पण जुळी-तिळी देणारी. निंबकरांनी १९९० च्या दशकात गारोळे मेंढरं फलटणला आणली. त्यांची कन्या चंदा निंबकर यांनी पशुआनुवंशशास्त्र हेच आपलं काम केलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाबरोबरचा प्रकल्प, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डीएनए चाचणी, आणि फलटणच्या आसपासच्या धनगरांच्या कळपांत प्रत्यक्ष पारख, असं ते दीर्घ काम चाललं. दख्खनी अंगावर गारोळेचं ते एक जनुक पिढ्यानपिढ्या संकर करून बसवायचं, गारोळेचा खुजेपणा मात्र मागे सोडायचा. यातून नारी सुवर्णा ही जात उभी राहिली. जनुकाची एक प्रत असली तरी मेंढीमागे कोकरांचं प्रमाण साधारण दीडपट होतं. मेंढपाळाला कळप तेवढाच ठेवून जास्त कोकरं मिळतात, मात्र जुळ्यांना दूध पुरावं म्हणून आईला खुराक द्यावा लागतो. ही अट धनगरांनी आधी ओळखली असणार.

फेकबी म्हणजे नेमकं कोणतं जनुक, हे २००१ साली तीन गटांनी जवळजवळ एकदमच शोधलं. ते निघालं बीएमपीआर१बी. बीएमपी नावाच्या संदेशाला धरून ठेवणारं पेशीवरचं हे प्रथिन. त्यात एका जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं, २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. तेवढ्यानं मेंढीच्या बीजकोशातली बीजपुटकं लहान असतानाच पक्व होतात आणि एका वेळी एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. पुढच्या वर्षी गारोळेतही हाच बदल असल्याची खात्री झाली. टर्नर यांचा कागदी तर्क बरोबर ठरला.

फलटणच्या गोठ्यात ज्या संदेशाचा विचार जुळ्या कोकरांसाठी होत होता, त्याची लहान मेंदूत दुसरीच कामगिरी सुरू होती. न्यूयॉर्कमध्ये मेरी बेथ हॅटन यांच्या प्रयोगशाळेनं १९९९ साली दाखवलं की चौथ्या पोकळीच्या छतातून झिरपणारा बीएमपी हाच काठावरच्या पेशींना ग्रॅन्यूल पेशी होण्याची दिशा देतो. उंदरांच्या लहान मेंदूतून बीएमपीआर१बी एकटं काढलं तर फारसं बिघडत नाही, जोडीचं बीएमपीआर१ए काम निभावून नेतं. दोन्ही एकदम काढली तर ग्रॅन्यूल पेशींची घडण कोसळते. हे २००६ सालचं काम. त्याआधी २००४ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि माझ्या दृष्टीनं दोन्ही कळपांची गाठ तिथे पडते. हेजहॉग ग्रॅन्यूल पूर्वजांना वाढायला लावतो, बीएमपी त्यांना थांबवतो. आयडाहोचा संदेश आणि फलटणचा संदेश लहान मेंदूच्या पृष्ठभागावर समोरासमोर काम करतात. एकाचं पारडं जड राहिलं की पेशी वेळेवर थांबत नाहीत.

थांबल्या नाहीत तर जे होतं त्याला मेड्युलोब्लास्टोमा म्हणतात, लहान मेंदूच्या भागात, मुख्यतः मुलांत होणारा कर्करोग. मूल सकाळी उलट्या करतं, डोकं दुखतं म्हणतं, आणि चालताना झोकांड्या खाऊ लागतं. पॅच्डची एक प्रत जन्मतः बिघडलेल्या गॉर्लिन सिंड्रोमच्या काही मुलांत तो होतो. १९९७ साली तशाच उंदरांतही तो दिसला. मात्र सगळे मेड्युलोब्लास्टोमा एका मुळाचे नसतात. एका गटात हेजहॉग बेलगाम, एकात व्हिंट, आणि उरलेले दोन गट अजूनही क्रमांकानंच ओळखले जातात. ही चार गटांची मांडणी २०१२ मध्ये जगभर मान्य झाली. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या नीलम शिरसाट यांच्या गटानं २०१३ साली १२ जनुकं आणि ९ मायक्रोआरएनए मोजून गट ओळखणारी चाचणी प्रसिद्ध केली. ती मेणात जतन केलेल्या जुन्या नमुन्यांवरही चालते. भारतातल्या रुग्णालयांत ताजी, गोठवलेली गाठ क्वचितच हाती लागते, मेणाची ठोकळी मात्र प्रत्येक पॅथॉलॉजी विभागात असते. म्हणून या चाचणीचं मोल.

हेजहॉग गटावर औषध म्हणून सायक्लोपामिन डोळ्यांसमोर होतंच. २००२ साली त्यानं उंदरांतल्या गाठी आकसल्या. २००९ मध्ये त्याच तऱ्हेनं स्मूदन्डला जखडणाऱ्या नव्या गोळीनं एका २६ वर्षांच्या तरुणाच्या अंगभर पसरलेल्या गाठी विरघळवल्या. काही महिन्यांत त्या परत आल्या. स्मूदन्डमधली एक जागा बदलली होती आणि गोळी तिथे बसेना. ती गोळी, व्हिस्मोडेगिब, २०१२ पासून त्वचेच्या एका कर्करोगासाठी वापरात आहे. मुलांना ती देण्यात वेगळीच अडचण आली. वाढीच्या वयातल्या काही मुलांच्या हाडांची टोकं वेळेआधी बंद झाली आणि उंची खुंटली. २८ व्या दिवसाच्या पाल्यानं कोकरांच्या नळ्या आखूड होतात, हे लोगनच्या नोंदींत पन्नास वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं. हाडांच्या वाढीलाही हेजहॉगच लागतो, इंडियन हेजहॉग नावाचा दुसरा भाऊ. हाडं अजून वाढत असलेल्या मुलांना ही औषधं देणं डॉक्टर आता शक्यतो टाळतात.

व्हिंट गटाची मुलं मात्र इतर गटांपेक्षा खूप चांगली वाचतात, म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना वाटलं की त्यांचा साऱ्या मेंदूवरचा आणि मणक्यावरचा किरणोपचार वगळता येईल. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला आणि मणक्याला तो उपचार महागात पडतो. त्यांनी चाचणी सुरू केली, थोडीच मुलं घेतली, आणि फक्त गाठीच्या जागेला किरण दिले. मणक्यात आणि मेंदूच्या इतर भागांत रोग परतू लागल्यावर चाचणी थांबवली आणि २०२२ मध्ये निकाल जसाच्या तसा छापला: व्हिंट गटातही मेंदू-मणक्याचा किरणोपचार पूर्णपणे सोडता येत नाही. पुढच्या चाचणीत तो आहे, पण मात्रा कमी केलेली.